दगडफूल दुप्पट घातलं, तरी मसाल्याला बुरशी का लागली? सातपूरच्या एका बचत गटाचं प्रकरण

गेल्या वर्षी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात नाशिकमधल्या सातपूरच्या एका महिला बचत गटातल्या तिघी जणी आमच्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत आल्या. कापडी पिशवीत काळ्या मसाल्याची दोनशे ग्रॅमची सहा पाकिटं होती. मी एक पाकीट कापून वर्तमानपत्रावर उलटं केलं, तर मसाला सांडलाच नाही. ढेकळासारखा गोळा बाहेर पडला. तो फोडला तेव्हा आत खोबऱ्याच्या कणांभोवती पांढरा कापूस दिसला आणि त्या कापसावर कुठे कुठे हिरवट पूड बसलेली होती. वास मसाल्याचा राहिला नव्हता, ओल्या गोणपाटाचा येत होता.

गटाच्या अध्यक्ष ताईंनी विचारलं, "सर, दगडफूल जंतू मारतं ना? मग आम्ही या खेपेला दुप्पट घातलं, तरी बुरशी आली कशी?"

हा प्रश्न मला फार योग्य वाटला. दगडफुलाच्या जंतुविरोधी आणि अँटीऑक्सिडंट गुणांबद्दल आज मोबाईलवर खूप काही फिरतं. त्यातलं बरंचसं कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेत खरोखर दिसलेलं आहे. तरीही ते खरं मानून केलेला मसाला नासला. म्हणजे प्रयोगशाळा आणि कढई यांच्या मध्ये कुठेतरी काहीतरी निसटलं होतं. ते शोधायला आम्हाला सव्वा महिना लागला. गटाच्या परवानगीने, नावं न देता, हे सगळं इथे मांडतो आहे.

काय बदललं होतं

गटात अकरा जणी आहेत. दरवर्षी चैत्र-वैशाखात, ऊन कडक असताना, त्या काळा मसाला करतात. धने, खोबरं, तीळ, खसखस, मिरची, लवंग, दालचिनी, तमालपत्र, शहाजिरे, नागकेशर, बादियान आणि दगडफूल. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, गार करायचा, मग कांडपावर न्यायचा. माल दोन मिसळवाल्यांकडे आणि थोडा प्रदर्शनांत जातो. त्याआधीच्या सहा वर्षांत एकही पाकीट परत आलं नव्हतं.

त्या वर्षी मात्र एका मिसळवाल्याने जूनच्या सुरुवातीला जादा मागणी केली आणि गटाने चोवीस किलोचा एक घाणा अवेळी काढला. तेव्हा वळवाच्या दोन सरी पडून गेल्या होत्या. दहीपुलाजवळच्या किराणा बाजारातून दगडफूल आणलं, ते दोन दिवस उघड्या पोत्यात दाराशी राहिलं. याच सुमाराला एका सुनेने मोबाईलवर वाचलं की दगडफुलात जंतू मारणारी आम्लं असतात, अँटीऑक्सिडंट असतात, आणि भाजल्यावर हे गुण जळून जातात. मुलगी हुशार आहे आणि गटाचं भलं व्हावं म्हणूनच तिने ते सगळ्यांना वाचून दाखवलं. त्यावरून तीन निर्णय झाले. किलोभर धन्यांना पन्नास ग्रॅम दगडफूल पडायचं, ते शंभर केलं. ते तेलावर परतायचं सोडून निवडून तसंच कच्चं कांडपाला दिलं. आणि पाकिटावर नवं लेबल छापून आणलं: 'नैसर्गिक जंतुनाशक, अँटीऑक्सिडंटयुक्त, टिकवण्यासाठी कोणतंही रसायन नाही.'

दुसऱ्या निर्णयाला गटातल्या सगळ्यात वयस्कर आजींनी विरोध केला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं: दगडफूल हातात चुरलं की चुरा व्हायला हवा, वाकलं तर परत कढईत टाकायचं. असं का, ते त्यांना सांगता आलं नाही, म्हणून त्यांचं म्हणणं मागे पडलं.

पंधरा दिवसांत मिसळवाल्याकडून पाकिटं परत यायला लागली.

पोत्यात नेमकं काय होतं

तपास सुरू करण्याआधी मी तिघींना एक गोष्ट सांगितली आणि त्या दचकल्या: दगडफूल हे फूल तर नाहीच, पण झाडपालाही नाही. ती एक बुरशी आहे आणि तिच्या पोटात शैवाल राहतं. बुरशी घर बांधते, शैवाल उन्हावर अन्न तयार करतं. स्वित्झर्लंडच्या सायमन श्वेंडेनर यांनी 1860 च्या दशकाच्या शेवटी हे मांडलं, तेव्हा मोठमोठ्या तज्ज्ञांनी ते हसण्यावारी नेलं होतं. मराठीत याला धोंडफूलही म्हणतात, संस्कृतात शैलेय, शास्त्रीय परिभाषेत शैवाक. "म्हणजे आम्ही मसाल्यात बुरशीच घालतो?" ताईंनी विचारलं. हो, पण खाण्याजोगी, आणि पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेली.

उरलेलं पाऊण किलो दगडफूल आम्ही पांढऱ्या ट्रेमध्ये पसरलं आणि तिघींना शेजारी बसवूनच निवडलं. बरेचसे तुकडे रुंद पानासारखे, वरून राखाडी, खालून काळे, कडेशी तपकिरी. हे पार्मोट्रेमा, बाजारात दगडफूल म्हणून जे चालतं ते मुख्यतः हेच. काही तुकडे अरुंद पट्ट्यांसारखे होते आणि त्यांच्या कडांना काळे केस होते, ते एव्हर्नियास्ट्रम. आणि मधून मधून हिरवट-पिवळे दोरे गुंतलेले, म्हाताऱ्याच्या दाढीसारखे. हे उस्निया. उस्नियाची ओळख सोपी आहे. दोरा पाण्यात भिजवून दोन्ही टोकांना धरून हळूच ओढला की वरची साल तुटते आणि आतली पांढरी तार रबरासारखी ताणली जाते. आजींच्या नातीने एकामागून एक पाच-सहा दोरे असे ओढून पाहिले. तुकड्यांना सालीचे ढलपेही चिकटलेले होते, कारण नाव दगडफूल असलं तरी बाजारात येणारा बहुतेक माल हिमालयातल्या आणि दक्षिणेतल्या डोंगरांतल्या झाडांच्या खोडांवरून खरवडलेला असतो. त्याबरोबर माती, शेवाळ आणि एक मेलेला किडाही निघाला.

मग पोटॅशची परीक्षा केली. विल्यम नायलँडर यांनी 1866 मध्ये ही पद्धत सुरू केली आणि आजही शैवाक ओळखणारा प्रत्येक जण ती वापरतो. कॉस्टिक पोटॅशचं पातळ द्रावण ड्रॉपरने एक थेंब राखाडी पृष्ठभागावर टाकलं की तिथे पिवळा डाग उमटतो. तो अॅट्रानोरिन या शैवाकातल्या संयुगाचा. पातं ब्लेडने खरवडून आतल्या पांढऱ्या थरावर थेंब टाकला, तर काही तुकड्यांत डाग पिवळा-नारिंगी होऊन थांबला, म्हणजे स्टिक्टिक आम्लाच्या गटातलं काहीतरी. काही तुकड्यांत मात्र तो पिवळा डाग बघता बघता विटकरी लाल झाला, ही सालाझिनिक आम्लाची नेहमीची खूण. एकाच पोत्यात, एकाच नावाखाली, निदान तीन निरनिराळी रसायनशास्त्रं नांदत होती.

हे महत्त्वाचं का, तर जंतू मारण्याच्या ज्या बातम्या सुनेने वाचल्या होत्या, त्या जवळजवळ सगळ्या उस्निक आम्लाच्या होत्या. उस्निक आम्ल उस्नियात भरपूर असतं. पार्मोट्रेमाच्या मुख्य मालात प्रामुख्याने अॅट्रानोरिन आणि स्टिक्टिक किंवा सालाझिनिक आम्ल असतं. गटाच्या पोत्यातलं उस्निया मूठभरसुद्धा भरलं नाही.

या आम्लांचं खरं काय आहे

उस्निक आम्ल 1844 मध्येच वेगळं काढलं गेलं होतं. शंभर वर्षांनी, 1944 मध्ये, म्हणजे पेनिसिलिनचा बोलबाला चालू असताना, अमेरिकेत पॉल बर्कहोल्डर आणि सहकाऱ्यांनी शैवाकांचे अर्क जिवाणूंवर घालून पाहिले आणि अनेकांमध्ये प्रतिजैविक गुण आढळले. तेव्हापासून हजाराच्या वर अशी संयुगं माहीत झाली आहेत आणि त्यांतली बहुतेक शैवाकांशिवाय इतर कुठे सापडत नाहीत. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बी. सी. बेहेरा, उर्मिला मखीजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या उस्निया घाटेन्सिसवर काम केलं. हे शैवाक प्रयोगशाळेत वाढवून त्याच्या अर्काची जिवाणूविरोधी आणि अँटीऑक्सिडंट ताकद त्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केली. या कामाचं मोल मला फार वाटतं, कारण शैवाक प्रयोगशाळेत वाढवता आलं तर जंगल खरवडावं लागत नाही.

शैवाकाला अशी आम्लं लागतात तरी कशाला? ते वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं. इतक्या सावकाश वाढणाऱ्या जिवाला वर्षानुवर्षं एकाच जागी ऊन, पाऊस, गोगलगायी आणि जिवाणू झेलत बसायचं असतं. उस्निक आम्ल अतिनील किरणं शोषून आतल्या शैवालाला सावली देतं, आणि कडू असल्यामुळे खाणाऱ्यांना दूर ठेवतं. ही संयुगं पेशीच्या आत नसतात. बुरशीच्या तंतूंवर बाहेरून बारीक स्फटिकांसारखी बसलेली असतात, साधारणपणे कोरड्या वजनाच्या 0.1 ते 10 टक्के, क्वचित त्याहून जास्त.

पुढचा सगळा उलगडा दोन गोष्टींवर उभा आहे. पहिली: ही आम्लं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. प्रयोगशाळेत ती अॅसिटोन किंवा मिथेनॉलमध्ये उतरवतात. दुसरी: त्यांचा मारा मुख्यतः ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे बाहेर जादा पडदा नसलेल्या, जिवाणूंवर चालतो, जसे स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस आणि बॅसिलस. क्षयाच्या जिवाणूच्या जातकुळीवरही चालतो. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेर आणखी एक पडदा असतो, तिथे ती सहसा अडतात. आणि खाद्यपदार्थांवरच्या बुरशीवर त्यांचा जोर त्याहून बेभरवशाचा. शैवाक स्वतःच बुरशी आहे, आणि शैवाकांवर जगणाऱ्या दुसऱ्या बुरशीही निसर्गात भरपूर आहेत.

आम्ही काय करून पाहिलं

कच्च्या दगडफुलाचे दोन अर्क केले, एक अॅसिटोनमध्ये आणि एक उकळत्या पाण्यात, काढ्यासारखा. तिसरा अर्क आजींच्या पद्धतीने तेलावर कुरकुरीत परतलेल्या दगडफुलाचा, तोही अॅसिटोनमध्ये. फिल्टर पेपरच्या चकत्या त्यात बुडवून नीट वाळवल्या. अॅसिटोन पूर्ण उडालं पाहिजे, नाहीतर जंतू अॅसिटोनने मरतात आणि श्रेय दगडफुलाला जातं. म्हणून नुसत्या अॅसिटोनमध्ये बुडवून वाळवलेली चकतीही बरोबर ठेवली. एका ताटलीवर बॅसिलस, दुसरीवर ई. कोलाय, तिसरीवर गटाच्याच मसाल्यातून वाढवलेली हिरवी बुरशी.

दुसऱ्या दिवशी बॅसिलसच्या ताटलीवर अॅसिटोन-अर्काच्या चकतीभोवती नखभर रुंदीचं स्वच्छ कडं दिसलं. परतलेल्या दगडफुलाच्या चकतीभोवतीही होतं, थोडं अरुंद. काढ्याच्या चकतीच्या अगदी काठापर्यंत जंतू वाढले होते. नुसत्या अॅसिटोनच्या चकतीभोवतीही काही नव्हतं. ई. कोलायच्या ताटलीवर कुठेच कडं नव्हतं. तिसऱ्या ताटलीवर चार दिवसांत बुरशी चारही चकत्यांवर चढून बसली होती.

सुनेने ती तिसरी ताटली दिव्यासमोर धरून बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, "सर, मी वाचलेलं खोटं नव्हतं. पण ते आपल्या डब्यातलं नव्हतं." मला यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं.

अँटीऑक्सिडंटसाठी डीपीपीएचची परीक्षा केली. डीपीपीएच हे गडद जांभळं द्रावण असतं. त्यातल्या मोकाट मूलकांना (फ्री रॅडिकल्सना) कुणी इलेक्ट्रॉन दिला की जांभळा रंग उतरून पिवळा होतो. प्रयोगशाळेत हा फरक 517 नॅनोमीटरवर मोजतात, पण त्या दिवशी आम्हाला डोळ्यांनी दिसेल एवढंच पुरे होतं. काचेच्या चार कुप्या रांगेत लावल्या: क जीवनसत्त्व, लवंग, दगडफूल आणि नुसतं मिथेनॉल. क जीवनसत्त्वाची कुपी लगेच पिवळी झाली, लवंगेची तिच्या पाठोपाठ. दगडफुलाची अर्धा तास अंधारात ठेवल्यावर फिकी जांभळट-गुलाबी झाली आणि तिथेच थांबली. चौथी होती तशीच जांभळी. म्हणजे दगडफुलात गुण आहे, पण त्याच मसाल्यात पडणारी लवंग त्याच्या कितीतरी पुढे आहे, आणि लवंगेचं नाव लेबलवर कुणी घातलं नव्हतं.

इथे आणखी एक घोटाळा सुटला. खोबरं खवट होतं ते हवेतल्या प्राणवायूमुळे. अँटीऑक्सिडंट तिथे कामाला येऊ शकतो. बुरशी लागते ती ओलाव्यामुळे, तिथे अँटीऑक्सिडंटचा काही संबंध नाही. 'टिकणं' या एका शब्दात गटाने दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या होत्या.

ओलावा कुठून आला

हा माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा.

शैवाकाला मुळं नसतात, पाणी अडवून ठेवायची सोयही नसते. हवा कोरडी तसं ते कोरडं, हवा दमट तसं ते ओलं. धुकं किंवा दमट हवा एवढ्यावरसुद्धा ते जागं होऊन कामाला लागतं, पाऊस पडायची वाट पाहत नाही. चिंब झालं तर स्वतःच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट पाणी धरतं. मेलेलं, वाळलेलं, पोत्यात भरलेलं असलं तरी त्याच्या शरीराची ही सवय जात नाही.

आम्ही मूठभर दगडफूल भट्टीत वाळवून वजन केलं आणि खिडकीत ठेवून घरी गेलो. रात्री पाऊस झाला. सकाळी तराजूचा आकडा वर चढलेला होता, आणि आदल्या दिवशी बोटात चुरा होणारा तुकडा आता चामड्यासारखा वाकत होता. आजी त्या दिवशी आल्या होत्या. त्यांनी तो तुकडा घेतला, दुमडला, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हेच सांगत होते मी."

कोरड्या खाद्यपदार्थात पाणी किती आहे, यापेक्षा त्यातलं किती जंतूंच्या हाती लागतं हे महत्त्वाचं असतं. त्याचं माप शून्य ते एक असं असतं. 0.6 च्या खाली काहीच वाढत नाही. 0.7 च्या वर गेलं की कोरड्या मालावर वाढणाऱ्या अॅस्परजिलससारख्या बुरशी हातपाय पसरू लागतात. नीट भाजलेला मसाला या रेषेच्या बराच खाली असतो. गटाने त्यात दोन दिवस दाराशी दमट हवा पीत बसलेलं दगडफूल दुप्पट घातलं, तेही कच्चं, आणि लगेच पाकिटात बंद केलं. आतला ओलावा बाहेर जायला वाट नव्हती. तो शेजारच्या खोबऱ्याने आणि धन्यांनी शोषला.

बुरशीचं बी कुठून आलं, तेही पाहिलं. प्रत्येक जिन्नसाचे पाच-पाच कण बटाट्याच्या अगारवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या खाद्यावर, ठेवले. कच्च्या दगडफुलाच्या पाचही तुकड्यांभोवती बुरशी आली, काळी, हिरवी, एक पांढरी. परतलेल्या दगडफुलाच्या एकाच तुकड्याभोवती आली. भाजलेले धने आणि मिरची जवळजवळ स्वच्छ. डोंगरातल्या झाडावर वर्षानुवर्षं वारा अडवत बसलेल्या वस्तूवर बीजाणू साठले तर नवल काय!

म्हणजे तेलावर परतण्याने एका दमात तीन कामं होत होती: ओलावा उडत होता, बीजाणू बरेचसे मरत होते, आणि दगडफूल कुरकुरीत होऊन कांडपात बारीक होत होतं. आणि ज्या गुणांसाठी परतणं सोडलं, ते जळून जात नव्हते. अॅट्रानोरिन आणि उस्निक आम्ल दोन्ही साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतात. मंद आचेवर दोन मिनिटं परतलेल्या तुकड्यावर पोटॅशचा थेंब टाकला तेव्हा पिवळा डाग उमटलाच, फक्त किंचित फिका.

अकरा किलो

तेरा किलो माल बाहेर गेला होता, अकरा किलो गटाकडे होता. सगळ्यात अवघड बोलणं यावरून झालं. आजींचं मत होतं की वरची गाठ काढून टाकावी, उरलेला पुन्हा उन्हात घालून भाजून घ्यावा. वास जातो, चव येते, आमच्या घरी असंच करायचे. बाकीच्या जणींना हे पटत होतं, आणि मला कळत होतं का पटतं आहे. त्या अकरा किलोंमध्ये त्यांचे पैसे होते आणि दोन दिवसांची पाठ मोडणारी मेहनत होती.

पण यावर मी ठाम राहिलो. हिरव्या पुडीत अॅस्परजिलस फ्लेव्हस असण्याची शक्यता होती, आणि ती बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते. ते यकृताला घातक आहे, कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे, आणि आपल्या कढईच्या आचेला ते नष्ट होत नाही. बुरशी मरते, विष राहतं. आमच्या प्रयोगशाळेत ते मोजायची सोय नाही, म्हणून शंकेचा फायदा खाणाऱ्याला द्यायचा. जनावरांनाही घालायचं नाही, कारण गाईने खाल्लं तर त्याचं रूप दुधात उतरतं. शेवटी अकराच्या अकरा किलो खड्ड्यात पुरला, आणि विकलेल्या पाकिटांचे पैसे गटाने परत केले. आजी त्या दिवशी आल्या नाहीत.

लेबल

लेबल काढायला लावलं त्याची कारणं सांगतो. भारतात 2018 पासून खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांसाठी वेगळे नियम आहेत. रोग बरा होतो, जंतू मरतात असे दावे कुठल्याही मसाल्यावर सहज छापता येत नाहीत. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. छोट्या गटाचा तेवढ्यात कणा मोडतो.

पण मला कायद्याहून मोठी काळजी वेगळी होती. "मग जास्त उस्निया घालू का, खरं औषध तर त्यातच आहे ना?" असं सुनेने विचारलं होतं. उस्निक आम्ल जिवाणूंना मारतं ते त्यांच्या ऊर्जा तयार करण्याच्या यंत्रणेत बिघाड करून. आपल्या यकृताच्या पेशींतही तशीच यंत्रणा आहे. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या एका गोळीत हेच आम्ल सोडियम मिठाच्या रूपात घातलं होतं. ती घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या तक्रारी आल्या आणि 2001 मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने लोकांना सावध केलं. चिमूटभर दगडफूल घातलेला रस्सा आणि एकवटलेलं उस्निक आम्ल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे खरं. पण गुण हवा म्हणून मात्रा वाढवत जाणं ही वाट चुकीची.

शिवाय शैवाक हवेतलं सगळं पितं. त्यात शिसं आणि इतर धातूही आले. 1986 मध्ये चेर्नोबिलनंतर उत्तर युरोपात रेनडिअरचं मांस फेकून द्यावं लागलं, कारण त्यांनी खाल्लेल्या शैवाकात किरणोत्सारी सीझियम साठलं होतं. म्हणून दगडफूल घेताना ते स्वच्छ डोंगराचं आहे का हे विचारावं, आणि प्रमाण मसाल्याचंच ठेवावं.

एकीने विचारलं की मग अंजनेरीहून आपणच का आणू नये, तिथे झाडांवर दिसतं की. अंजनेरी राखीव संवर्धन क्षेत्र आहे, तिथून काही खरवडून आणायचं नाही. आणि तळहाताएवढं पातं वाढायला किती वर्षं लागतात ते आठवून पाहा, एका कांडपाला असे शंभर तळहात लागतात. पावसाळ्यात ब्रह्मगिरीला गेलात तर भिंग घेऊन जा आणि काळ्या बेसाल्टवरचे राखाडी, पिवळट ठिपके जवळून बघा. ते नुसते डाग वाटतात, पण तीही शैवाकंच आहेत.

आता काय चालू आहे

यंदाचा घाणा चैत्रातच काढला. दगडफूल किलोला पन्नास ग्रॅम, आधी चाळून, माती आणि साल काढून, मग तेलावर परतून. परतल्यावर प्रत्येक घाण्यातले चार तुकडे आजी हातात चुरून बघतात. चुरा झाला नाही तर परत कढईत. कांडपाहून आलेला मसाला पूर्ण गार झाल्यावर, दुपारच्या कोरड्या हवेत, जाड पाकिटांत भरतात. पावसाळ्यात कितीही मोठी मागणी आली तरी घाणा काढायचा नाही, असं गटाच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या आहेत. सुनेच्या अक्षरात.

नवं लेबल छापेपर्यंत जुन्या पाकिटांवरची ती ओळ कात्रीने कापून काढली. आता तिथे जिन्नसांची यादी आहे, शेवटून दुसरं दगडफूल.

त्या घाण्यातली बारा पाकिटं प्रयोगशाळेत आहेत. सहा खोबऱ्याच्या मसाल्याची दगडफुलासह, सहा त्याच मसाल्याची दगडफुलाशिवाय. दर पंधरा दिवसांनी आम्ही एकेक उघडतो आणि खोबऱ्याला खवट वास कुठे आधी येतो ते पाहतो. वास घ्यायला आजींना बोलावतो, कारण आमच्या कुणाच्याही नाकापेक्षा त्यांचं नाक आधी ओळखतं. आषाढ संपला तोवर दोन्हीकडे खवटपणा नव्हता, आणि बुरशीही नाही.